दुसऱ्या खेळाडूची तीन लाइफ

टीव्ही गेमना मार्क देण्याची माझी वही दोनशे पानी आहे. नोव्हेंबर १९९८ पर्यंत तिच्यात एकशे त्रेचाळीस गेम चढले होते. चित्रं, आवाज, हाताळणी, अवघडपणा आणि ‘परत खेळावासा वाटतो का’ असे पाच रकाने. पहिल्या चारांना दहापैकी मार्क, पाचव्यात फक्त हो किंवा नाही. मी कराडच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. मोजल्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही, असं माझी बायको आम्रपाली म्हणते. ती शाळेत शिक्षिका आहे. पोरांच्या वह्या ती तपासते आणि गेमच्या मी, हेही तिचंच.

माझे नियम कडक आहेत. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मार्क नाही. कव्हरवर ‘९९९९ गेम’ छापलेल्या कॅसेटला सरळ शून्य, कारण आत सातच असतात आणि तेच नावं बदलून परत येतात. चांगल्या गेममध्ये माणूस स्वतःच्या चुकीनं मरतो आणि ती चूक त्याला कळते. वाईट गेम फसवून मारतो. हा फरक आयुष्यात मला एकाच माणसाला पटवून देता आला, माझ्या धाकट्या भावाला, कपिलला.

टीव्ही गेमचं मशीन घेतलं तेव्हा मी डिप्लोमाला होतो आणि तो नववीत. पहिला रिमोट माझा, दुसरा त्याचा, यावर कधी चर्चाच झाली नाही. आमचा आवडता गेम दोन सैनिकांचा होता. प्रत्येकाला तीन लाइफ. आपली संपली की बटण दाबायचं, जोडीदाराचं एक लाइफ आपल्याला मिळतं. मग आपला गडी पुन्हा पडद्यावर येतो आणि दोन-तीन सेकंद नुसता लुकलुकतो. तेवढा वेळ त्याला गोळी लागत नाही. मी कपिलची लाइफ सर्रास घ्यायचो. विचारायचो नाही. तो म्हणायचा, “घे दादा,” पण तोवर मी घेतलेलं असायचं. मग तो मांडीवर रिमोट ठेवून माझा खेळ बघत बसायचा. त्याला वाईट वाटत असेल असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही, याची आता लाज वाटते.

पुढे तो इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथंच खोली घेऊन राहू लागला. दुसरा रिमोट मी माळ्यावर टाकला आणि रविवारी दुपारी एकटाच खेळू लागलो.

कॅसेटी मी इस्लामपुरातून आणायचो, कृष्णातच्या दुकानातून. कृष्णात फौजेतून परतलेला माणूस. जुनी कॅसेट द्या, दुसरी न्या, असा त्याचा धंदा. त्या आठवड्यात त्याच्याकडे गर्दी होती. मी खोक्यातून हाताला येतील त्या तीन कॅसेटी उचलल्या आणि गाडी पकडली. त्यातल्या एका राखाडी कॅसेटला कागदच चिकटवलेला नव्हता.

रविवार, १५ नोव्हेंबर. खिडकीचा पडदा ओढून मी ती कॅसेट काढली, सवयीनं तिच्यात फुंकर मारली आणि लावली. गेमला नाव नव्हतं. एक माणूस उसाच्या फडासारख्या हिरव्या पट्ट्यांतून उजवीकडे पळत होता. चित्रं साधी, पण हाताळणी अशी की बोट हलण्याआधी गडी हलावा. मी मनातल्या मनात नऊ मार्क देऊन टाकले.

वरच्या डाव्या कोपऱ्यात माझी तीन लाइफ दिसत होती, तीन लहान डोकी. उजव्या कोपऱ्यातही तीन डोकी होती. दुसऱ्या खेळाडूची. पण मी एका खेळाडूचा गेम निवडला होता आणि दुसऱ्या रिमोटचं भोक रिकामं होतं. कॅसेट बनवणाऱ्याचा ढिसाळपणा समजून मी तशी नोंद केली.

चौथ्या टप्प्यावर माझी तिन्ही संपली. पडद्यावर नऊपासून उलटे आकडे सुरू झाले. शून्याआधी बटण दाबलं तरच खेळ पुढे. सवयीनं अंगठा बटणावर गेला. उजवीकडचं एक डोकं विझलं आणि माझा गडी लुकलुकत उभा राहिला. किती वाजता कुठवर पोचलो हे मी लिहून ठेवतो. वहीत नोंद आहे, ‘४.२०, दुसऱ्याचं घेतलं.’

मंगळवारी घरमालकांकडे कपिलचा फोन आला.

“दादा, लय मोठ्या बालंटातनं वाचलो. परवा चारच्या पाळीला गेलो आन वीस मिंटात वरच्या फळीवरनं खाली आलो. दोन पुरुस उंची. पण साधं खरचटलं बी न्हाई.”

मी त्याला दोन शिव्या दिल्या आणि पट्टा बांधत जा म्हणून सांगितलं. चार वाजून वीस ही माझ्या वहीतलीच वेळ, हे फोन ठेवताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मशीन लावलं. उजव्या कोपऱ्यात दोनच डोकी.

हे होऊच शकत नव्हतं. अशा कॅसेटला आठवण नसते. बटण बंद केलं की गुण, लाइफ, सगळं पुसलं जातं. आठवण ठेवायची तर आत एक छोटा सेल लागतो. मी पेचकस घेऊन कॅसेट उघडली. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबरासारखा काळा गोळा, बाकी काही नाही. मीटर लावून पाहिलं. सेलची वीज कुठंच नव्हती. परत लावली. माझी तीन, त्याची दोन.

शहाण्या माणसानं तिथंच थांबायला हवं होतं. पण गेम चांगला होता आणि पूर्ण केल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत हा नियमही माझाच. सहाव्या टप्प्यावर माझा तिसरा गडी पडला. आकडे सुरू झाले. पाचपर्यंत मी हात आवरला, मग दाबलं. वहीत नोंद आहे, ‘३.०५’.

संध्याकाळी फोन आला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी इस्लामपूर गाठलं. कपिल दवाखान्यात पलंगावर बसून पाव खात होता.

“पेठ नाक्यावर उसाची ट्रॉली पलटी झाली दादा, आन मी अडकलो खाली. लोकांनी ऊस उपसून भाईर काढला. म्हणत्यात, श्वास नव्हता. मग आपला उठून बसलो.” तो हसला. “ट्रॉलीवाला हरिबा तर म्हणतो, तू रस्त्यावर नुसता लुकलुकत हुतास. त्येला दुपारीच चढलेली असती.”

मी उशाचा केसपेपर उचलला. वरच्या ओळीत ट्रॉलीखालून काढल्याची वेळ होती, दुपारी ३.०५. खाली, ‘जागेवर श्वास नव्हता, असे आणणाऱ्यांचे म्हणणे’. त्याखाली दुसऱ्या शाईत, ‘रुग्ण शुद्धीवर, तक्रार नाही’.

माझ्या वहीत तीच वेळ होती. केसपेपर होता तसा ठेवून मी कपिलचा निरोप घेतला.

तिथून सरळ कृष्णातच्या दुकानी गेलो. कॅसेट पिशवीत आणली होती. त्यानं ती हातात न घेता पाहिली.

“ही माझी न्हाई.”

“तुझ्याच खोक्यातली आहे.”

“माझ्या हर कॅसेटच्या पाठीवर लाल टिपका हाय. फौजेतली सवय हाय ती, मोजून ठेवायची.” तो दोन पावलं मागं सरला. “मास्तर, ती घिऊन जावा. हितं नका ठिऊ.”

“का?”

“सांगता येत न्हाई. पर नका ठिऊ.”

कराडला उतरून मी कृष्णेच्या पुलावर थांबलो. कॅसेट कठड्याबाहेर धरली. खाली पाणी संथ होतं. मग मनात आलं की यात कपिलचं एक शिल्लक आहे, आणि हात आपोआप आत आला. मी ती घरी आणून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात सगळ्यात वर, पितळी डब्यांमागं ठेवली. आम्रपालीला म्हणालो, बिघडलीय, हात लावू नकोस. खरं सांगायला हवं होतं. पण प्रयोगशाळेतला माणूस असं कसं बोलेल, म्हणून गप्प बसलो. माझी खरी चूक ती.

डॉक्टरांनी कपिलला आठ दिवस विश्रांती सांगितली. शनिवारी त्याला मी घरी घेऊन आलो. जिना चढताना तो दोनदा थांबला. “धाप लागती रं जरा,” म्हणाला. रविवारी जेवण झाल्यावर मी त्याच्या गोळ्या आणायला गेलो. कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं, म्हणून स्टँडपर्यंत जावं लागलं. अर्धा तास गेला असेल.

दारातच त्या गेमची धून ऐकू आली.

खोलीत खिडकीचा पडदा ओढलेला होता. कपिल जमिनीवर मांडी घालून बसला होता. हातात पहिला रिमोट. आम्रपाली पलीकडे वह्या तपासत होती.

“भावजी कंटाळले होते,” ती वर न बघता म्हणाली. “वरची ती कॅसेट काढून दिली. बिघडलेली कुठं आहे? छान चाललीय की.”

“कपिल, बंद कर.”

“थांब रं दादा, शेवटच्या टप्प्यावर आलोय. तुला तरी जमला व्हता का?” त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. “पर काय कॅसेट हाय ही. मला एकच लाइफ दिलंय. तुझी मातूर तीन हायत.”

मी पडद्याकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात एक डोकं. उजव्या कोपऱ्यात तीन.

दुसऱ्या रिमोटचं भोक रिकामं होतं. रिमोट माळ्यावर होता.

मी बटणाकडे दोन पावलं टाकली आणि थांबलो. मशीन बंद केलं तर त्या एका डोक्याचं काय होईल, हे मला माहीत नव्हतं. चालू ठेवलं तर काय होईल, हेही माहीत नव्हतं.

“नीट खेळ,” एवढंच मी म्हणालो. “घाई करू नको.”

त्याचा गडी हिरव्या पट्ट्यांतून बाहेर आला. समोर उंच काळं काहीतरी झुलत होतं. कपिल छान खेळत होता. इतकी वर्षं दुसऱ्याचा खेळ बघत काढलेल्या माणसासारखा नव्हे. त्यानं दोन उड्या अचूक मारल्या. तिसरी उडी थोडी आधी पडली.

त्याचीच चूक होती. गेमनं फसवलं नाही.

गडी खाली गेला. डावं डोकं विझलं.

नऊ.

कपिलचा हात छातीवर गेला. “दादा,” तो म्हणाला. पुढचा श्वास त्याला घेता येईना.

आठ. सात.

“भावजी?” आम्रपाली उठली. “पाणी आणते.” ती आत धावली.

सहा.

कपिलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याचा अंगठा बटणावर होता, पण दाबलेला नव्हता. आयुष्यात पहिला रिमोट हातात आला होता, तरी तो मला विचारत होता.

“घिऊ का... तुझं एक?”

पाच. चार.

मी त्याच्याशेजारी बसलो. मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. पण त्या क्षणी मला तो नववीतला कपिल दिसला, मांडीवर रिमोट ठेवून गप्प बसलेला.

तीन.

“घे,” मी म्हणालो. “घे, बाळा.”

त्यानं दाबलं.

मधलं मला काही आठवत नाही. अंधार नव्हता, दुखलं नाही, काहीच नव्हतं. मग पुन्हा खोली होती, धून होती, आणि मी तिथंच बसलो होतो. फक्त कपिलच्या ओठांवर रंग आला होता आणि तो ताठ बसून खेळत होता.

“गेला!” तो ओरडला. पडद्यावर ते काळं झुलणारं कोसळत होतं. “दादा, झाला की रं पुरा! मी केला! आता मार्क दे.” त्यानं पटकन वही ओढली, चार रकाने माझ्यापुढं मोकळे सोडले आणि पाचव्यात स्वतःच मोठ्या अक्षरात ‘हो’ लिहिलं. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. “तुझी अजून दोन ऱ्हायली बघ.”

आम्रपाली पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. कपिलकडे बघून तिनं सुस्कारा सोडला. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिथंच थांबली. तिनं तांब्या खाली ठेवला, चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला.

“अहो,” ती म्हणाली, “जरा स्थिर बसा की. तुम्ही मला असे दिसताय, परत नाही, परत दिसताय.”