बियाण्याचा दुधी

बसा रे. लाइट गेली तर गेली, काय भूत येणार आहे? आणि स्वानंद, तो मोबाइल बंद कर आधी. श्रिया, हसू नकोस. हे आमच्या ऑफिसातल्या रवींद्रच्या बाबतीत घडलेलं आहे, त्याच्याच तोंडून ऐकलंय मी.

बावीस साल. अकरा ऑक्टोबर, मंगळवार, कोजागिरी होऊन दोन दिवस झालेले. रवींद्र तेव्हा बाळकुमच्या साइटवर सुपरवायझर. गेटची चावी चुकून त्याच्याच खिशात राहिलेली आणि पहाटे जेसीबी यायचा होता. म्हणून रात्री अकराला मानपाड्याहून बाइकवर निघाला. वॉचमनला चावी द्यायची नि परत फिरायचं, एवढंच काम.

पाडायची होती एक जुनी भाजीची वाडी. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा शेठने बंगल्यापुरती केलेली, चारी बाजूंनी पुरुषभर दगडी भिंत. बंगला केव्हाच गेला. भिंत राहिली, विहीर राहिली, आणि ती वाडी राखणारा परशुराम राहिला. सत्तरीचा म्हातारा.

जायला त्याने जराही कटकट केली नाही हो. एकच मागितलं. "साहेब, दिवाळीपर्यंत थांबा. बी धरलंय. ते वाळलं का मी चाललो." आजोबापासून चालत आलेलं बी ते. दरवर्षी एका दुधीला लाल चिंधी बांधायची, हात लावायचा नाही, वेलावरच वाळू द्यायचा. तेवढंच बी पुढच्या वर्षाला. रवींद्र "हो हो" म्हणाला, पण लक्ष कुठे होतं? मग परशुराम दवाखान्यात पडला आणि वरून पाडायची तारीख आली. सोमवारी घरी जाताना या शहाण्याने मांडवावरचे दुधी काढून नेले. चिंधीवालासुद्धा! त्याला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल. शिकलेला माणूस, काय बोलणार!

गेटवर आनंदा वॉचमन उभाच होता. "बरं झालं आलात साहेब. आत कुणीतरी पाणी शिंपतंय. परशुरामदादा असंल."

"कुलूप तर आहे."

"तेच म्हणतो मी."

रवींद्रने वैतागून कुलूप काढलं. अकरा वीस. पिठूर चांदणं. वाफे ओले. मांडवाखाली परशुराम, पाठमोरा. पानं सारून काहीतरी चाचपत होता.

"दादा, बरं वाटतंय का आता? काय शोधताय?"

"धरलेला दुधी. इथंच होता..."

रवींद्र एक पाऊल मागे सरला.

"कोनी नेला?"

"मला काय माहीत..."

खोटं बोलला. हात चाचपतच राहिले. वेल झाला की दुसरा वेल.

फोन वाजला. परशुरामची सून, दर्शना. रडत होती. "साहेब, बाबा गेले... साडेनवाला. सकाळी स्मशानात नेताना त्यांना वाडीवरून न्यायचंय. तेवढं गेट उघडाल?"

फोन खाली आला. मांडवाखाली कुणी नव्हतं. पानं हलत होती. वारा नव्हता.

"दादा... मी नेला. घरी आहे. आणतो... आत्ता आणतो."

पानं थांबली.

कसा घरी पोचला, त्याचं त्याला ठाऊक. बाराला हेमांगीला, बायकोला, गदागदा उठवलं. "दुधी कुठाय?"

"तो जून झालेला? चिरला तर आत नुसता कापूस. ओल्या कचऱ्यात टाकला. अरे, झालंय काय तुला?"

खाली सोसायटीचा डबा उपडा केला त्याने. गुडघ्यावर बसून बिया वेचल्या. चिमटीत धरली की पाणी सुटायचं. कच्च्या. रुजायच्या नाहीत. माणूस तिथेच ढसाढसा रडला. तरी एक-एक कुंडीत पुरली. काही आलं नाही.

सकाळपासून दुपारपर्यंत जेसीबी अडवून धरला, शिव्या खाल्ल्या. परशुरामला वाडीवरून नेलं. संध्याकाळी भिंत गेली.

झालं. पण तेव्हापासून रवींद्रच्या घरात मटकीला मोड येत नाहीत. हेमांगी भिजवते, फडक्यात बांधते, सकाळी सोडते... मटकी तशीच. मूग तसेच, वाल तसेच. मागे त्यांच्याच डब्यातली मूठभर तिने आमच्या हिच्याकडे दिली बांधायला.

सकाळी बोटभर मोड.