घरात कोण उरलंय?

वीज जाऊन अर्धा तास झाला होता. जुन्या कचेरीचा निवृत्त पहारेकरी पायरीवर बसला होता. भोवती गल्लीतली तीन-चार पोरं मोबाइल विझवून बसली होती. म्हाताऱ्याची तशी अटच होती.

"काका, भूत कितव्या मिनिटाला येतं तेवढं आधी सांगा," एकजण म्हणाला. "मला जेवायला जायचंय."

"जा की. तुझ्या वाटणीचं भूत झाकून ठेवतो."

सगळे हसले. जेवायला मात्र कोणी गेलं नाही.

"ज्याच्या बाबतीत हे घडलं, त्याच्यासोबत मी एकवीस वर्षं चहा प्यालोय," म्हातारा म्हणाला. "तिखटमीठ लावायचं मला कारण नाही."

आणि तो सांगू लागला.

तो माणूस कचेरीतला बाइंडर, फाटक्या वह्या-दप्तरं शिवून देणारा. हाताला कायम खळ, म्हणून सगळे त्याला डिंक्या म्हणत. लग्न नाही, भावंडं नाहीत. आई गेल्यावर घरात बोलायला फक्त रेडिओ. त्या वर्षी दवाखान्यात ऑपरेशनचा फॉर्म भरताना तो 'जवळचे नातेवाईक' या रकान्यापाशी अडला आणि फॉर्म तसाच घेऊन घरी आला. मेलेले का होईनात, पण आपले कोणीतरी शोधायचेच, असं तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं.

दुरुस्तीला आलेल्या ढिगात दीडशे वर्षांपूर्वीच्या पटकीच्या साथीतली मृत्यूंची वही होती. वडील सांगायचे, त्या साथीत सगळं घर गेलं, एकटे खापरपणजोबा वाचले. तेव्हा ते आठ वर्षांचे. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून बाहेर आणलं होतं.

डिसेंबरचा दुसरा गुरुवार. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दप्तरखान्यात डिंक्या एकटाच होता. पाठ शिवायच्या आधी पानं चाळताना त्याला ते पान सापडलं. आडनाव, गल्ली, बापाचं लोहारकाम, सगळं जुळलं.

ती वही लिहिणाऱ्या कारकुनाची एक रीत होती. वहीच्या पहिल्या पानावर त्यानेच ती लिहून ठेवली होती. रोग घरात शिरला की तो घरातल्या सगळ्यांची नावं एकदम लिहून घ्यायचा, तारखेची जागा मोकळी सोडून. मग रोज संध्याकाळी दारावर थाप मारायची आणि आत पाऊल न टाकता विचारायचं, "घरात कोण उरलंय?" जे गेले असतील त्यांच्यापुढे तारीख घालायची.

आजी, बाप, आई. तिघांपुढे तारखा होत्या. मुलापुढे रिकामं. तो तर वाचलाच होता. पण त्याच्याखाली आणखी एक नाव होतं. मुलगी, वय पाच. तिच्यापुढेही रिकामं.

हिच्याबद्दल घरात कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. पुढच्या पानापासून अक्षर बदललं होतं. कारकूनच साथीत गेला असणार, आणि पोरीची तारीख राहून गेली असणार, असं डिंक्याला वाटलं.

बाइंडरचा एक नेम असतो. फाटलेलं जोडायचं, राहिलेलं लिहायचं नाही. डिंक्याने तो कधी मोडला नव्हता. पण सगळ्या घरात एकटी पोरगी अशी लटकत राहिलेली त्याला बघवेना. वह्यांच्या पाठीवर आकडे घालायचा टाक त्याने उचलला आणि आईची तारीख तिच्यापुढे लिहिली. निदान आईसोबत तरी गेली, म्हणून.

शाई ओली होती.

दारावर थाप पडली.

"पहारेकरी?" डिंक्याने विचारलं.

"पण मी तेव्हा फाटकाशी होतो, पोरांनो," म्हातारा मध्येच म्हणाला. "तीनशे पावलं लांब."

पुन्हा थाप. आणि बाहेरून... दमलेला आवाज.

"घरात कोण उरलंय?"

डिंक्याने टाक खाली ठेवला.

मग त्याच्या मागून... कपाटांच्या मधून... बारीक...

"मी."

पायरीवरची पोरं एकमेकांना खेटून बसली.

"घरात कोण उरलंय?" बाहेरच्याला ऐकूच गेलं नव्हतं.

"मी आहे... मी..."

आवाज बसला होता. हाका मारून मारून बसतो तसा.

डिंक्याला कळलं. आईसोबत ती गेलीच नव्हती. मागे उरली होती. बंद घरात. एकटी. आणि आपण तिला...

त्याने अंगठ्याने तारीख पुसली.

बाहेर पावलं वळली. निघाली.

मागे बघायची त्याची छाती झाली नाही. पण गप्पही राहवेना. दाराकडे तोंड करून तो ओरडला,

"दोघं! आम्ही दोघं आहोत!"

पावलं थांबली.



मग दारापलीकडे... टाक कागदावर घासल्याचा आवाज.

"त्याचं ओरडणं ऐकून मी धावत आलो," म्हातारा म्हणाला. "दारात कोणी नव्हतं. डिंक्या आत जमिनीवर बसला होता, भिंतीला टेकून. शेजारी लहान पोर मावेल एवढी जागा सोडून. मला म्हणाला, हळू बोल."

वही टेबलावर उघडी होती. मुलीच्या ओळीत शाईचा डाग. त्याखाली एक ओळ, तपकिरी, वाळून जुनी झालेली, त्याच कारकुनाच्या अक्षरात.

एक पुरुष. नाव सांगितलं नाही. मुलीजवळ आहे.

पुढे तारखेची जागा रिकामी.