डावं पाऊल

ही गोष्ट खरी आहे. मलाही ती पटत नाही... पण ताई माझी सख्खी बहीण आहे, आणि त्या दुपारी भावजी तिच्यासोबत होते.

गेल्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे तीन. समुद्राला पूर्ण ओहोटी.

ओहोटी लागली की आमच्याकडच्या एका किनाऱ्यावर काळा खडक उघडा पडतो. त्यात माणसांच्या पावलांचे ठसे आहेत. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी चिखलातून चाललं, आणि त्या चिखलाचा दगड झाला.

भावजींनी ताईला ओढूनच नेलं होतं. आठ महिने ती घराबाहेर पडली नव्हती. रडलीही नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी दाराला कुलूप लावायचं म्हणून तिने आपल्या दीड वर्षाच्या लेकीला, ठमीला, कडेवरून खाली ठेवलं होतं... एवढंच. कुलूप लावून वळेपर्यंत ठमी रस्त्यावर पोहोचली होती.

समोरून ट्रक येत होता.

खडकावर गाईड होत्या एक काकू. हातात काठी, तोंडाचा पट्टा सुरू.

"ही बाईची पावलं. उजवं पाऊल उथळ, डावं खोल. का? डाव्या कडेवर मूल आहे."

"आणि नवरा कुठंय?" भावजींनी विचारलं.

"गेला असेल पुढे, मोकळ्या हातांनी. तुमच्यासारखा!"

जमलेले सगळे हसले. ताई हसली नाही.

"आणि इथे..." काकूंनी काठी टेकवली. मोठ्या ठशांशेजारी चार इवली पावलं. "इथे तिने बाळाला खाली ठेवलं."

"मग?" ताईचा दिवसभरातला पहिला शब्द.

"मग परत उचललं. पुढे डावं पाऊल पुन्हा खोल."

"नक्की उचललं?"

"अहो, दगडातच आहे की!"

ताई वाकली. इवल्या ठशावर तिने तळहात ठेवला.

ती सांगते, सगळा दगड गार होता. तेवढा ठसा मात्र... कोमट.

भरती सुरू झाली. सगळे ओल्या वाळूवरून परत निघाले. काकू सर्वांत मागे, बोलतच होत्या.

आणि मधेच त्यांचा आवाज थांबला...

भावजींनी वळून पाहिलं. काकू ताईच्या पावलांकडे बघत होत्या.

उजवं उथळ.

डावं... खोल.

ताईची पर्स भावजींच्या खांद्याला होती. तिच्या हातात काही नव्हतं. डावा हात तेवढा कमरेशी वाकलेला.

"यांच्या पायाला लागलंय का हो?" काकूंनी हळूच विचारलं.



वर्ष झालं. ताई कामावर जाते, पोळ्या लाटते, सगळं एका उजव्या हाताने. डॉक्टर म्हणतात, पाठीत काही दोष नाही. डाव्या चपलेची टाच मात्र महिन्याभरात झिजते.

परवा मी तिच्याकडे गेले होते. दोघी बाहेर पडायला निघालो. दाराशी तिने किल्ली माझ्या हातात दिली.

"कुलूप तू लाव गं. मला हिला खाली नाही ठेवायचं."

आवाज अगदी साधा. दूध उतू जातंय सांगावं तसा.

मी कुलूप लावलं. ती माझ्यापुढे दारातल्या पायऱ्या उतरू लागली, डावीकडे जरा कलून.

कडेवरचं मूल मागून येणाऱ्याकडे खांद्यावरून बघतं. माझं मूलही तसंच बघतं.

मी मान खाली घालून पायऱ्या उतरले...

ताईच्या डाव्या खांद्याकडे मी अजून एकदाही पाहिलेलं नाही.