घुम्या काय म्हणाला?

खोटं वाटलं तर वाटू द्या. ताई माझी सख्खी बहीण आहे आणि थापा मारणं तिच्या स्वभावात नाही. हे घडलं एका रविवारी, भर दुपारी, तिच्याच हॉलमध्ये.

दाजींना घरात सगळे 'घुम्या' म्हणायचे. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एक 'हं' मिळायचा. सुट्टी असली की टीव्हीला जोडून एक गेम खेळत बसायचे. त्यातला नायक तर त्यांच्यावरच गेलेला. तलवार घेऊन गावोगाव फिरायचा, पण तोंडातून ब्र नाही! तो नुसता उभा राहायचा आणि समोरची माणसंच म्हणायची, "काय सांगतोस? पूल तुटला?"

"अहो, पण हा बोलला कधी?" ताई वैतागायची.

"बोलतो गं. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच," दाजी म्हणायचे.

मग एके सकाळी दाजी कामावर निघाले. दारात थबकले.

"तुला एक सांगायचं होतं... जाऊ दे. संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी त्यांची बॅग तेवढी घरी आली. ऑफिसच्या जिन्यातच हार्ट अटॅक आला होता.

रडून झालं. पण ते 'एक सांगायचं होतं' काही ताईच्या डोक्यातून जाईना. कपाटं उपसली, मित्रांना विचारलं. कुणालाच काही ठाऊक नाही. "जाता जाताही घुम्याच राहिला मेला," ती दातओठ खात म्हणायची आणि पुन्हा रडायची.

त्या रविवारी गेम कुणालातरी देऊन टाकायचा होता. चालतोय का बघावं म्हणून तिनं लावला. नायक लोहाराच्या दुकानात उभा होता. दाजींनी सोडला होता तिथेच.

ताईनं अजून एकही बटण दाबलं नव्हतं.

लोहारानं हातोडा खाली ठेवला...

"काय म्हणतोस? बायकोला सांगायचं राहिलं?"



नायक ढिम्म. नेहमीसारखा.

"अरे देवा... आणि तिला काहीच कल्पना नाही?"

ताई गुडघ्यांवर सरकत टीव्हीपुढे गेली. आवाज पूर्ण वाढवला. भट्टीतले कोळसे तडतडताना ऐकू येत होते. नायकाचा मात्र एक शब्द नाही.

"अहो, बोला ना! त्या लोहाराला सांगता, मग मला का नाही?"

लोहारानं मान वळवली. सरळ तिच्याकडे बघितलं.

"तिला नाही ऐकू येत रे," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी सांगून बघ."

नायक वळला आणि दाराबाहेर निघून गेला.

मग स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला...

"हो रे, ऐकतेय. थांब, नळ बंद करते."

नळ बंद झाला.

बराच वेळ काहीच नाही.

मग भांडं पडलं.

ताई धावली. सासूबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"आई, काय म्हणाले ते?"

"नको गं विचारूस."

"माझा नवरा होता तो!"

"म्हणूनच नको."

ताईनं पाया पडून विचारलं, भांडून विचारलं. सासूबाईंच्या तोंडाला कुलूप. फक्त त्या रात्रीपासून त्या ताईच्या खोलीत झोपतात. अंथरूण अगदी दाराला लावून.

परवा ताईचा फोन आला. नुसती तणतणत होती. "या घरात माणसं राहतात की दगड? तो न सांगता गेला, आणि यांना सगळं माहीत असून तोंड उघडायचं नाही!"

तिच्या मागून कुणीतरी बोलत होतं... अगदी हळू.

"ताई, टीव्ही चालू आहे का गं?"

"नाही. का रे?"

आवाज दाजींचा होता. मी ते सगळं ऐकलं, शेवटपर्यंत.

"हॅलो? का विचारलंस? अरे, बोल की! आता तूही घुम्या झालास का?"

मी फोन ठेवून दिला.

तेव्हापासून ती सारखी फोन करतेय. हे लिहितानाही वाजतोय. मला उचलवत नाही.