अर्धी ओळ सोडणारा मणी

मणी गप्प का बसला?

तिठ्यावर शिरीषमामा थबकला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. चालकाविना धावणाऱ्या बसगाड्या त्याच्यासाठी आपसूक थांबल्या होत्या. वीस पावलं मागे आजोबांबरोबर उभ्या असलेल्या रेवाचा जीव खालीवर होत होता.

मामा बत्तीस वर्षांचा, पण कशानंतर काय करायचं, हे त्याच्या डोक्यात टिकत नसे. कीर्तनाला तो नेहमी आबांचं, म्हणजे रेवाच्या आजोबांचं, बोट धरून जाई. आज मात्र त्यानं बजावलं होतं, "मी एकटा जाणार. पोचलो, तर दर एकादशीला एकटाच. तुम्ही वीस पावलं मागे. आणि रेवा, मध्ये नाक खुपसायचं नाही."

मामाच्या तुळशीच्या माळेतला, पुढे काय करायचं ते आठवून देणारा एक मणी आबांनी प्रयोगशाळेत घडवला होता. त्यात संवेदक (आसपासचं टिपणारे इवलेसे भाग) होते. मणी बोले ते, मामाच्या परवानगीनं, आज रेवालाही कानातल्या यंत्रातून ऐकू येत होतं.

"आबा, तुमचा मणी बिघडलाय. मीच सांगते मामाला."

"थांब जरा. मणीही थांबलाय."

तेवढ्यात मणी हळूच म्हणाला, "पिंपळाचा पार दिसला की..." आणि पुन्हा गप्प.

मामाचे ओठ हलले. "की... उजवीकडे." तो वळला.

"धोका असता तर मणी लगेच बोलला असता," आबा म्हणाले. "एरवी मामाला आठवायला किती वेळ लागतो, ते त्यानं शिकून ठेवलंय. तेवढा थांबतो. मग अर्धं वाक्य. तरी नाहीच जमलं, तर पूर्ण. याला म्हणायचं संकेत-विरलन (आठवण देणं हळूहळू कमी करत नेणं)."

"पण सगळं सांगून टाकलं तर काय बिघडेल?"

"मग देवळात मणी पोचेल गं. मामा नाही."

मामा पोचला. कीर्तनकार वर्तकबुवांच्या मागे झांज घेऊन उभा राहिला. बुवांनी पद उचललं, अर्धी ओळ गायली आणि हात पसरून थांबले. मग मामानं मोकळ्या गळ्यानं उरलेली ओळ पुरी केली, आणि झांज अशी खणखणली, की रेवाच्या अंगावर काटा आला.

"आबा, बुवापण तसंच करतात..."

"मग मी शिकलो कुठे, असं वाटलं तुला?" आबांनी डोळे पुसले.

आरती झाली. कपाळाला बुक्का लावून मामा ऐटीत त्यांच्यापाशी आला.

"घरी जाताना चाळीस पावलं मागे."

रेवानं मोजून चाळीस पावलं सोडली. पिंपळाचा पार आला, मामा वळला. मणी बोललाच नाही.