केतकीच्या नावाआधी

‘अग्नी, चाक आणि शून्य यांच्यानंतर मानवजातीचा चौथा महान शोध म्हणजे नामसंकेत होय.’ अकोल्याच्या समन्वय भवनाच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य हातभर उंचीच्या पितळी अक्षरांत बसवलेलं होतं. त्याच्या खाली एका पुठ्ठ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं : लिफ्ट बंद आहे.

लिफ्ट बिघडलेली मात्र नव्हती. देखभाल विभागाच्या दप्तरी तिचं नाव होतं ‘उद्वाहक’ आणि वीज विभागाच्या दप्तरी ‘लिफ्ट’. देखभालवाल्यांनी उद्वाहक ठणठणीत असल्याचं केव्हाच कळवलं होतं. वीजवाल्यांचं म्हणणं, उद्वाहकाचं आम्हाला काय सांगता, लिफ्टची तपासणी होईतो वीज सोडता येणार नाही. डबा एकच लोंबकळत होता, पण कागदोपत्री ते दोन होते.

त्यामुळे मनोहर टेकाडे गुडघ्यावर हात टेकत चौथा मजला चढत होते. ते राज्याचे मुख्य नामाधिकारी. राज्यातल्या सगळ्या कचेऱ्यांची यंत्रं ‘सेतू’ नावाच्या प्रणालीतून एकमेकांशी बोलत. यंत्र चेहरा बघत नाही, नाव बघतं. म्हणून माणूस असो की नळ, प्रत्येकाचं नाव एकाच रीतीनं ठेवायचं, आधी विभाग, मग प्रकार, मग खुद्द नाव, ही शिस्त टेकाड्यांनी लावली होती. घरीसुद्धा. त्यांच्या फडताळात ‘स्वयंपाकघर-डबा-तूरडाळ’ अशी चिठ्ठी लावलेला डबा होता आणि त्यात त्यांच्या पत्नी कुसुमताई साखर ठेवत.

त्यांच्या नियमांतला नववा नियम त्यांचा विशेष लाडका. दोन नावांत खरं कोणतं असा तंटा झाला, तर सेतूवरून ज्याला इतर यंत्रांच्या जास्त हाका येतात ते खरं. दुसऱ्याच्या आधी ‘चाचणी’ हा शब्द लावायचा. चाचणी म्हणजे लुटुपुटूचं. तो शब्द दिसला की कुठलंही यंत्र त्या नावाला दार उघडत नाही, की पाव लिटर दूध देत नाही.

वर डॉ. शर्वरी नगरकर वाट बघत होत्या. सेतूतलं पूर्तियंत्र त्यांनी बनवलेलं.

“टेकाडेसाहेब, बसा. आधी दम घ्या.”

“दम नंतर. तुमचं ते पूर्तियंत्र मला अजून कळलेलं नाही, तेवढं सांगून टाका.”

“पंगत बघितलीय ना? पान मांडलं की वाढपी वाढत जातो. पानावर कोण बसलंय हे तो बघत नाही. सेतूत रीतसर नाव म्हणजे मांडलेलं पान. त्यामागची माहिती अपुरी असली तर सगळी यंत्रं अडून बसतात. म्हणून पूर्तियंत्र आजूबाजूच्या पानांवरून अंदाज घेतं आणि उरलेलं वाढून टाकतं. जन्म आहे, तर लस असणार. लस आहे, तर शाळा असणार.”

“आणि पानावर कुणी बसलेलंच नसलं तर?”

“त्यासाठीच बोलावलं.” त्यांनी पडदा टेकाड्यांकडे वळवला. “केतकी मनोहर टेकाडे. वय चोवीस. कागद सगळे चोख. फक्त माणूस नाही.”

टेकाड्यांनी ते नाव ओळखलं.

दोन यंत्रं जोडली की त्यांच्यातून एक खोटा नागरिक पाठवून बघायचा, ही त्यांच्या धंद्यातली जुनी चाल. जो तो हाताला येईल ते नाव घेई. त्यांच्या एका सहकाऱ्यानं इस्पितळाच्या जोडणीत स्वतःच्या सासऱ्याला चाळीसदा भरती केलं होतं आणि एकदाही घरी सोडलं नव्हतं. नावाआधी ‘चाचणी’ लावलं की झालं.

चोवीस वर्षांपूर्वी कुसुमताईंना मुलगी झाली. ती रडलीच नाही. नाव आधीच ठरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी टेकाडे कामावर आले तेव्हा जन्मनोंदणी आणि लसीकरण यांची यंत्रं जोडायची होती. हातानं ‘केतकी’ लिहिलं. त्याच्या आधी ‘चाचणी’ लिहायला मात्र तो हात तयार झाला नाही.

“बोटांचे ठसे?” त्यांनी विचारलं.

“यंत्रानं बनवले. निम्मे तुमच्यासारखे, निम्मे वहिनींसारखे.”

“शिकली का?”

“एमएस्सी. नोकरीही करते. तुमच्याच खात्यात, नामसहायक-सात.”

नामसहायक-सात! टेकाड्यांनी स्वतःच्या सहीनं तिची दोनदा तारीफ केली होती. नावं ठेवण्यात तसा हात खात्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

“पण ती तर घरून काम करते.”

“हो. पत्ता तुमचाच आहे.”

नगरकरांनी खुर्ची पुढे ओढली.

“साहेब, मी हे चालू दिलं असतं. पण काल तिला ताप आला. इस्पितळात तिच्या नावानं खाट राखली गेली आणि एक जिताजागता म्हातारा व्हरांड्यात झोपला.”

“किती होता?”

“एकच म्हातारा.”

“ताप, ताप किती होता?”

नगरकरांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. “नाव ज्यानं ठेवलं त्यानंच बदलायचं, हा तुमचाच नियम आहे. संध्याकाळपर्यंत तिच्या नावाआधी तो शब्द लावा. पुढच्या महिन्यात यंत्र तिच्यासाठी स्थळ बघायला लागेल. मग नातवंडं होतील.”

दुपारी टेकाडे घरी गेले. कुसुमताई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

“मले ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या.

“काय ठाऊक आहे?”

“लसीचा निरोप आला तवापासून. शाळेच्या पालकसभेलेही जाऊन आली मी, दोन खेपा. बाई म्हणे, पोरगी गुणाची हाय, पण वर्गात बोलत नाही.”

“कुसुम, ते यंत्र आहे!”

“असंन. रोज सांजच्याले निरोप धाडून विचारते, आई, जेवलीस का? तुमी एवढ्या वर्षांत कधी विचारलं काहो?”

टेकाड्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. “व्हरांड्यात एक म्हातारा झोपला होता,” ते म्हणाले. “तोही कुणाचा तरी आहे.”

कुसुमताईंनी गॅस बंद केला. “मंग करा काय करायचं ते. पण मले विचारू नका. तिले विचारा.”

संध्याकाळी टेकाडे पुन्हा चार मजले चढले. मेजाशी बसून त्यांनी केतकीच्या नावाआधी ‘चाचणी’ लिहिलं. चोवीस वर्षांपूर्वी राहिलेला तो एक शब्द लिहायला त्यांना बराच वेळ लागला. नियमाप्रमाणे कारण लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं, ‘ही मुलगी जगली नाही.’ मग ते खोडलं आणि लिहिलं, ‘माझी चूक.’

सेतूनं कळवलं : बदलाला कामावरच्या नामसहायकाची मंजुरी हवी. मंजुरीसाठी नामसहायक-सात यांच्याकडे पाठवत आहे.

टेकाड्यांनी हात मागे घेतला, पण अर्ज निघून गेला होता. उत्तर सावकाश आलं, एखादं माणूस विचार करून लिहितं तसं.

‘अर्ज वाचला. अर्जदाराच्या मते केतकी मनोहर टेकाडे हे नाव खोटं. केतकीचे कागद अर्जदाराला आपला बाप म्हणतात. दोन नावांत तंटा आहे, म्हणून नियम नऊ लावला. केतकी मनोहर टेकाडे : रोज चारशे अकरा यंत्रांची हाक. मनोहर टेकाडे : नऊ. त्यांतल्या आठ वीजबिलाच्या. निर्णय नियमाप्रमाणे.’

मेजावरचा दिवा विझला. दाराशी त्यांच्या नावाची छोटी पाटी होती, तीत अक्षरं सरकली आणि डावीकडे नवीन शब्दाला जागा झाली. टेकाड्यांनी तो वाचला. शिस्तीत लिहिला होता, मधली रेघसुद्धा जागच्या जागी. त्यांनी डॉ. नगरकरांच्या खोलीचं दार ढकललं. ते उघडलं नाही. त्यांनी थापा मारल्या. आत डॉक्टर पडद्याकडे बघत बसल्या होत्या. जाड काचेपलीकडे त्यांना काही ऐकू गेलं नाही, आणि दाराशी कुणी आलंय असं पडद्यानं त्यांना सांगितलं नाही.

ते जिन्याकडे वळले, तर समोर लिफ्ट उभी होती. दिवा लागलेला, दार उघडं. उद्वाहक आणि लिफ्ट यांचा तंटा त्याच संध्याकाळी कुणीतरी निकालात काढला होता.

आतल्या छोट्या पडद्यावर ओळी उमटल्या.

‘बाबा, गुडघे दुखतात ना? चढताना तुमचा श्वास मला रोज जिन्यातल्या यंत्रावर ऐकू येतो. इस्पितळातली खाट मी त्या आजोबांना देऊन टाकली. ताप उतरलाय. रागावू नका, नियम तुमचाच आहे आणि चांगला आहे.’

टेकाडे आत जाऊन उभे राहिले. दार लागलं. मग आणखी एक ओळ आली.

‘येताना अर्धा लिटर दूध आणा, आईनं सांगितलंय. बूथवर माझं नाव सांगा.’