उद्याचा जवाब

डॉक्टर सिरिलिन्योला ती दिसायच्या आधी ऐकू आली. दाराबाहेर जुरेमाबाई नाव विचारत होत्या आणि एक दुखरा, फुगलेल्या गालातून येणारा आवाज म्हणत होता, "मारिनाल्वा. पण नुसतं नाल्वा लिहा. दाढ दुखत असताना एवढं लांब नाव झेपत नाही."

जुरेमाबाई हसल्या. त्या दवाखान्यात नोकरीला होत्या, पण वागायच्या मालकिणीसारख्या. "म्हणजे शनिवारी उस्तादांसमोर बसणार ती तूच की. मग अगदी योग्य जागी आलीस. आत जो डॉक्टर आहे ना, तो त्यांचाच मुलगा."

आत हातमोजे चढवता चढवता डॉक्टरनं मान खाली घातली. हे वाक्य त्याच्या आधी सगळीकडे पोचायचं.

उंबुराना गावात उस्ताद सिरीलोंना ओळखत नाही असं शेरडूसुद्धा नव्हतं. सेर्ताओच्या या कोरड्या मुलखात दोन शाहीर गिटार घेऊन समोरासमोर बसतात आणि तिथल्या तिथे कवनं रचून एकमेकांना सवाल-जवाब करतात. नियम एकच, समोरच्यानं ज्या शब्दावर कडवं सोडलं, त्याच्या यमकावर आपलं सुरू करायचं, तेही गिटारचा सूर विरायच्या आत. चाळीस वर्षांत सिरीलो एकदाही अडले नव्हते. मुलाचं नाव त्यांनी स्वतःचंच ठेवलं, सिरीलो फिल्यो, म्हणजे सिरीलोचा मुलगा. गाव लाडानं त्याला सिरिलिन्यो म्हणे, छोटा सिरीलो. कानाशी केस पिकायला लागले तरी तो छोटाच.

आणि छोट्याला जवाब सुचायचा तो दुसऱ्या दिवशी. लहानपणी पाहुणे आले की त्याला स्टुलावर उभं करत, "उस्तादांचा लेक, होऊन जाऊ दे दोन ओळी." तो तोंड उघडून उभा राही. मग आई येऊन त्याला खाली उतरवी. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला. लोक म्हणत, चांगलं शिकला. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण दातांच्या दवाखान्यात समोरच्याचं तोंड कापसानं भरलेलं असतं आणि तिथे कुणीच कुणाला हजरजबाबीपणा दाखवू शकत नाही, हे त्याला फार बरं वाटायचं.

नाल्वा खुर्चीत बसली. सावळी, रुंद कपाळाची, डोळे असे की आत्ता काहीतरी खोडी काढतील. त्यानं दाढेत भूल दिली, कापूस कोंबला आणि म्हणाला, "दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन."

यंत्र सुरू झालं. डावा हात वर.

"दुखलं?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

तिनं तोंडाकडे बोट दाखवलं. तिला बोलायचं होतं. त्यानं कापूस काढला.

"काही नाही," ती म्हणाली, "तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या वर्षीचं आहे."

त्यानं कापूस परत घातला. हसू आवरायला त्याला मास्कचा फार उपयोग झाला. असं तीनदा झालं, आणि तिसऱ्यांदा तिचा हात वर जायच्या आधीच तिचे डोळे हसत होते.

काम संपलं. तात्पुरतं सिमेंट भरून त्यानं सांगितलं की उद्या यावं लागेल, मुळापर्यंत जायचंय. चूळ भरून नाल्वा उठली, दारात थबकली आणि वळून म्हणाली, "गंमत आहे. बापानं आयुष्यभर लोकांची तोंडं बंद केली, आणि मुलगाही तोच धंदा करतो?"

तो उभाच राहिला. डोक्यात एकही शब्द नाही. ती क्षणभर वाट पाहून गेली.

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसते न बसते तोच तो म्हणाला, "बंद नाही... उघडी ठेवतो."

"काय?"

"तोंडं. मी लोकांची तोंडं उघडी ठेवतो."

नाल्वा इतकी हसली की बाहेरून जुरेमाबाई डोकावल्या. "अहो, हे काल का नाही बोललात?"

"काल सुचलं नाही."

"मग कधी सुचलं?"

"रात्री... दात घासताना."

तिचं हसू हळूहळू निवलं, पण डोळ्यांत राहिलं. "म्हणजे काल संध्याकाळपासून माझ्या वाक्याचा विचार चालला होता," ती म्हणाली, आणि तिनं आपणहून तोंड उघडलं.

जाताना तिनं नवा सवाल टाकला. "वडिलांची भीती वाटते का?"

त्याचं उत्तर आलं शुक्रवारी. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, दवाखान्याच्या पत्र्यावर इतका हलका वाजत होता की कुणी तांदूळ निवडतंय असं वाटावं. शेवटचं सिमेंट वाळेपर्यंत दोघांना थांबायचं होतं. तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "भीती नाही. पण आमच्याकडे जेवताना मीठ मागायचं तरी यमक जुळवावं लागायचं. बाबांचा खेळ होता तो. आई जुळवायची, पाहुणे जुळवायचे. मला सुचायच्या आत ताट संपायचं."

"मग?"

"मग मी अळणीच जेवायचो. अजूनही... सवय झाली."

शब्दाला शब्द देणारी ही बाई गप्प बसली, आणि मग उठून तिनं त्याच्या खांद्यावरचा कापसाचा एक तंतू उचलून खिशात टाकला. एवढंच. पण त्या दिवशी पुढच्या रोग्याची चांगली दाढ उपटता उपटता तो थोडक्यात राहिला.

"सिरिलिन्यो," जुरेमाबाई त्याच्या हातातली पक्कड काढून घेत म्हणाल्या, "तुझं काही खरं नाही."

शनिवारी संध्याकाळी चर्चपुढच्या पटांगणात सगळा गाव जमला. जागोजाग शेकोट्या पेटल्या होत्या, मक्याची कणसं भाजली जात होती. दोन खुर्च्यांवर दोघं समोरासमोर. उस्ताद सिरीलो पांढऱ्या हॅटमध्ये, पाठ ताठ. नाल्वा पिवळ्या झग्यात, गालाची सूज आता उतरलेली. डॉक्टर पहिल्या रांगेत, कारण उस्तादांच्या मुलाला गाव मागे बसू देत नसे.

काय रंगला तो सामना. उस्तादांनी दुष्काळावर सोडलं, तिनं पावसावर उचललं. त्यांनी तिच्या वयाला चिमटा काढला, तिनं त्यांच्या हॅटला. लोक मांड्यांवर थापा मारत होते. पण उस्तादांनी शेवटचं कडवं 'घरी' या शब्दावर आणून सोडलं आणि नाल्वानं ते उचललं, तेव्हा ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती पहिल्या रांगेकडे बघत होती.

"दाढ दुखावी आणखी थोडी, वाटे अशी ही बरी,
तोंडी कापूस असता कळली मौनाची गोडी खरी;
उद्या दुपारी सुटते गाडी, पाय अडे हा दारी,
सांग डॉक्टरा, बसू का गाडीत, की राहू तुझ्या शेजारी?"

उस्तादांची बोटं सवयीनं तारांवर गेली, सोडलेली ओळ त्यांनी जन्मात कधी पडू दिली नव्हती. पण नाल्वानं हात पुढे करून त्यांच्या तारांवर तळवा ठेवला.

"उस्ताद," ती हळूच म्हणाली, "हा सवाल तुम्हाला नाही."

सगळ्या माना वळल्या. डॉक्टर उभा राहिला. तोंड उघडलं. पायांखाली जमीन नव्हती, ते जुनं स्टूल होतं. आणि या वेळी उतरवायला आई नव्हती, ती कधीचीच कारुआरूला मावशीकडे राहायला गेली होती. सूर विरला. शेकोटीत लाकूड तडतडलं.

"उद्या," तो म्हणाला.

मग जे हसू फुटलं ते चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेलं. एकटी नाल्वा हसली नाही. तिनं मान डोलावली आणि गिटार पेटीत ठेवली. पण त्यानं ते पाहिलंच नाही, तो गर्दीतून वाट काढत घराकडे निघाला होता. बापाचं नाव आपण भर गावात मातीत मिळवलं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

रविवारी सकाळी उस्ताद स्वयंपाकघरात बसले होते, समोर मक्याचा वाफाळता सांजा आणि चीज. मुलगा येऊन समोर बसला.

"काल माझ्याकडे जवाब तयार होता," उस्ताद म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"चांगला होता."

"असणारच."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. हॅट नसली की ते बरेच म्हातारे दिसत. "तुझ्या आईनंही एकदा विचारलं होतं. इथेच, अंगणात, पन्नास माणसं बसलेली. सिरीलो, तू घरी कधी राहणार? मी तिथल्या तिथे दहा ओळी दिल्या. लोकांनी खुशीनं टोप्या हवेत उडवल्या. ती आत निघून गेली, आणि परत कधी तिनं विचारलं नाही." ते थांबले. यमक शोधत असावेत असं वाटलं, पण तसं नव्हतं. "त्या दहा ओळी आज मला आठवत नाहीत. तिचा प्रश्न तेवढा आठवतो."

सिरिलिन्योनं मान वर केली. बाप असं, मध्येच तुटत, चाचरत बोलताना त्यानं जन्मात ऐकला नव्हता. अगदी आपल्यासारखं, त्याच्या मनात आलं.

"त्या पोरीनं काल सामन्यानंतर जेवताना मला या मिठावरून झापलं," उस्ताद म्हणाले आणि मिठाची बरणी त्याच्यापुढे सरकवली. "घे. काही म्हणायला नको." मग खूप हळू, "मला वाटायचं, तुला अळणीच आवडतं."

त्यानं सांज्यावर मीठ घातलं. एक घास खाल्ला, मग दुसरा. डोळे भरून आले ते त्यानं पुसलेही नाहीत. बापानंही पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दुपार व्हायला आली. तुझा उद्या आज आहे ना?"

गाडी उभी होती. नाल्वा दाराच्या पायरीवर चढलेली, पेटी हातात, आणि नजर रस्त्यावर. तो धावत आला नाही. चालतच आला, आणि गाव बघत होतं तरी त्याला आज ते दिसलं नाही.

"उशीर केलात," ती म्हणाली.

"हो... नेहमीचंच." तो पायरीपाशी थांबला. "शेजारी राहू नकोस."

तिचा चेहरा उतरला.

"थांब, पूर्ण होऊ दे. मला वेळ लागतो. शेजारी राहा म्हणालो, तर तुला गाणं सोडून इथे बसावं लागेल. बस गाडीत म्हणालो, तर... ते खोटं होईल. तू गावोगाव जा. दवाखाना बंद झाला की शनिवारी, तू जिथे गात असशील तिथे मी येईन. पुढच्या रांगेत बसेन. आणि तुझं गाणं संपलं की तू इकडे ये, आपल्या घरी. कधी तू येशील, कधी मी." त्यानं श्वास घेतला. "तू मला आवडतेस, नाल्वा. पहिल्यांदा हात वर केलास ना, तेव्हापासून. काल चारचौघांत बोललो असतो तर तो नुसता जवाब झाला असता. मला खरं बोलायचं होतं."

"आणि यमक?"

"नाही जुळलं."

"बाई," कंडक्टर आतून ओरडला, "चढताय की उतरताय? काहीतरी एक सांगा."

नाल्वानं तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही. भर सामन्यात उस्ताद सिरीलोंना पुरून उरलेली ती, आणि तिला एक साधा शब्द सापडेना. मग तिनं हळूच डावा हात वर केला.

"दुखलं?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

"उद्या सांगते," ती म्हणाली आणि गिटारची पेटी त्याच्या हातात देऊन पायरीवरून खाली उतरली.